दात आणि खूर

मेंढीला वरचे पुढचे दात नसतात. ही गोष्ट शहरात सांगितली की लोक हसतात, म्हणून कस्तुराबाईने ती सांगायचंच सोडून दिलं होतं. पण ज्याने जन्म मेंढरांमागे काढला त्याला ठाऊक असतं की मेंढीचं वय, तिचं बळ आणि तिचं नशीब अशी तिन्ही खालच्या ओठाआड बसलेली असतात. अंगठ्याने ओठ दाबला की सगळं दिसतं. दुधाचे दात असले तर ती आदत. पुढचे दोन मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि मग तोंड पुरं जुळतं. जुळल्यावर काही वर्षं बरी जातात. पुढे दात विरळ होतात, एखादा पडतो, आखूड गवत तुटेनासं होतं, आणि मग त्या मेंढीची रवानगी शहरातल्या छावणी भागात भरणाऱ्या गुरुवारच्या जनावरांच्या बाजारात होते.

कस्तुराबाईचा नवरा कडूबा हयात होता तेव्हा हे काम तो दिवाळीनंतर एकदाच करायचा, आपल्या गावाहून, पिशोरहून, कळप खाली गोदावरीकडे न्यायच्या आधी. कस्तुराबाई एकेक मेंढी गुडघ्यांत धरायची आणि कडूबा ओठ दाबायचा. बरी असली तर "ऱ्हाऊ दे" म्हणायचा. नसली तर काहीच बोलायचा नाही, नुसता आभाळाकडे बघायचा. त्याचं ते न बोलणं कस्तुराबाईला फार लागायचं. बानू नावाची एक तांबूस मेंढी होती, हातातली भाकरी खाणारी, पालाच्या दोरीला पाठ टेकून निजणारी. एका वर्षी कडूबाने तिचा ओठ दाबला आणि आभाळाकडे बघितलं. आभाळात तेव्हा एक घार सोडली तर काहीसुद्धा नव्हतं.

म्हणून सुनेने दुसरा चहा गाळता गाळता जेव्हा सांगितलं, "आत्याबाई, नव्या घरी जायच्या आधी सगळ्यांचे दात बघून घेऊ या," तेव्हा कस्तुराबाईच्या हातातली बशी कलंडली आणि चहा लुगड्यावर सांडला.

सुनेचं नाव प्रांजली. ती उस्मानपुऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. आल्यागेल्याला बसवायचं, नंबर लावायचे, फोन घ्यायचे. तिथल्या डॉक्टर सत्यशीला मॅडमचं नाव तिच्या तोंडी उठता बसता असायचं. मनाने पोरगी निर्मळ होती, पण तिच्या माहेरची मेंढरं आजोबांच्या काळातच सुटलेली. दात बघणं म्हणजे काय, हे तिच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. लेकाला, अजिनाथला, ते ठाऊक होतं. पण अजिनाथ वाळूजच्या कंपनीत पाळ्या करून करून असा पेंगुळलेला असायचा की समोरचा चहासुद्धा त्याला दुसऱ्या घोटाला दिसायचा. लहानपणी आपणही मेंढ्यांच्या माना धरल्या आहेत, हे त्याला कुणी आठवण करून दिल्याशिवाय आठवत नसे.

"माझे कामून बघायचे?" कस्तुराबाईने त्याला विचारलं. "मला कुठं दुखायलंय?"

"अगं, दुखत नाय तवाच दाखवायचं असतं म्हनं," अजिनाथ बुटाची नाडी बांधत म्हणाला. "प्रांजलीची मॅडम तसंच म्हनती."

झालं. बानूला तरी कुठं दुखत होतं?

त्या सालचा दुष्काळ लागोपाठ दुसरा होता. पिशोरची विहीर तळाला गेली, मग तळही गेला. निम्मा कळप विकला. उरलेली मेंढरं घेऊन धाकटा दीर फकिरा गोदाकाठाला उतरला आणि गुडघे धरलेल्या कस्तुराबाईला लेकाने आपल्याकडे पडेगावात आणून ठेवलं. भाड्याच्या दोन खोल्या. गल्लीत निळ्या ड्रमांची रांग, टँकरचा भोंगा वाजला की बायकांची पळापळ, आणि एरवी दिवसभर कुठे ना कुठे काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राची घरघर. माणसांना प्यायला पाणी नाही आणि इमारती पाणी पिऊन वाढतायत, हे कोडं तिला सुटत नसे.

दुपारी ती खिडकीत बसायची. उन्हाने समोरचं सगळं हलायला लागायचं, दौलताबादचा किल्ला जमिनीवरून सुटून अधांतरी तरंगायचा, आणि मग शहर आणि जुनं रान तिच्या डोळ्यांपुढे एकमेकांवर पडायचं. याच वाटेने ते कळप घेऊन जायचे. जिथे आता टॉवर उभे होते तिथे त्यांचा तळ पडायचा. धुळीचा लोट उठला की त्यातून मेंढरं यायची, खाली मान घालून, एकमेकांच्या अंगाला अंग घासत, आणि ती थेट पत्र्याच्या कुंपणातून, सिमेंटच्या गोण्यांतून, उभ्या केलेल्या मोटारींतून पार निघून जायची. त्यांच्या मागून कडूबा. तो तिच्याकडे बघायचा नाही, त्याचं लक्ष मेंढरांच्या पायांकडे असायचं. तिला ती स्वप्नं आवडायची. ती उगाच डोळे उघडत नसे.

नव्या घराचं असं होतं की ते याच रानावर बांधलेलं होतं. दौलताबाद रोडच्या कडेला चार मजली इमारत, खाली वॉचमनची खोली आणि तिच्या शेजारी एक लिंब. त्यांच्या जुन्या तळावरचा तो लिंब कस्तुराबाईने पहिल्यांदा बघताच ओळखला होता, पण ती कुणाला बोलली नाही. गुढीपाडव्याला राहायला जायचं होतं. घर बघायला गेले त्या दिवशी प्रांजली टेप धरून भिंती मोजत होती. इथे टीव्ही, इथे कपाट, इथे मंजूचं अभ्यासाचं टेबल. मंजू म्हणजे मंजुषा, सात वर्षांची नात. प्रत्येक वस्तूला जागा मिळाली. कस्तुराबाईच्या घोंगडीचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. तिला विचारायला तोंड होतं, पण मेंढी कधी विचारते का, की मला नेणार ना म्हणून?

आणि आता तळ हलवायच्या आधी दात बघायचे होते. तिने मनाशी हिशेब जुळवला तो असा: दात बरे निघाले तर नव्या घरी, नाहीतर परत पिशोरला. लेकाचा तिने जरासुद्धा राग केला नाही. दुष्काळात कळप हलका करावाच लागतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. पण तिला जायचं नव्हतं. पिशोरच्या बंद घरात एकटीने कोरड्या विहिरीकडे बघत बसायचं नव्हतं. तिला मंजूच्या शेजारी निजायचं होतं, एवढंच होतं तिचं मागणं.

मग ती तयारीला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर दात दाखवायचे होते. खालचा एक दात दिवाळीपासून हलत होता. त्या बाजूने ती चावत नसे. भाकरी कालवणात भिजवून, हळूच, कुणाचं लक्ष नसताना गिळायची. आता तिने मुद्दाम सगळ्यांसमोर कोरडी भाकरी मोडायला सुरुवात केली. एका संध्याकाळी अजिनाथने फुटाणे आणले तर तिने मूठभर तोंडात टाकले आणि गल्लीत ऐकू जाईल असे कुडुमकुडुम वाजवले.

"आई, हळू," अजिनाथ म्हणाला.

"लई खुसखुशीत हायेत," कस्तुराबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने ठसक्यावर ढकललं. दात असतात तेव्हा चणे नसतात, ही म्हण तिने शंभरदा ऐकली होती, पण चणे दातांवर असे उलटतात हे तिला त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरात जाऊन ती गाल धरून ओट्याला टेकून उभी राहिली.

जायच्या दिवशी सकाळी तिने तव्यावर नवीन मिश्री भाजली. घरभर तंबाखूचा धूर झाला, प्रांजली खोकून खोकून बेजार झाली. "आत्याबाई, आजच्या दिवस तरी नको ना," ती म्हणाली. पण मिश्रीने दात लोखंडासारखे होतात, हे कस्तुराबाईला तिच्या आजीने सांगितलं होतं आणि आजी काही खोटं बोलणारी बाई नव्हती. जित्याची खोड म्हणा, नाहीतर भीती म्हणा, तिने नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मिश्री घासली. आरशात बघितलं तर दात काळे कुळकुळीत, चकचकीत. तिला जरा धीर आला.

तो वार नेमका गुरुवार होता. रिक्षात मंजू तिच्या मांडीवर बसली. मंजूचे खालचे पुढचे दोन दात नवे आले होते आणि वरची खिडकी उघडी होती. कस्तुराबाई तिला लाडाने माझी दोनदाती म्हणायची. एरवी हे म्हणताना तिला हसू यायचं, आज नाही आलं. रिक्षा छावणीत शिरली तसा बाजाराचा गलका कानावर आला. टेम्पोतून शेळ्यांची तोंडं बाहेर आलेली. रस्त्याच्या कडेला एक माणूस उकिडवा बसून बोकडाचा ओठ दाबत होता, आणि बोकड बिचारं गुमान उभं होतं. कस्तुराबाईने पदर तोंडावर ओढला आणि घट्ट धरला.

रिक्षा थांबेल असं तिला वाटलं. का थांबेल, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बानूला इथपर्यंत आणलं होतं एवढंच तिला माहीत होतं. पण रिक्षा थांबली नाही. बाजार मागे पडला, पूल आला, दुकानं आली, आणि गार वारं तोंडावर घेत मंजू तिच्या कुशीत पेंगायला लागली.

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक भला मोठा दात रंगवला होता. त्याला हात होते, पाय होते, आणि तो दात काढून हसत होता. दातालाही दात, म्हणजे नवलच. आत गारवा होता आणि लवंगेसारखा वास. प्रांजली आज कामावर नव्हती, तरी सवयीने तिने दोघातिघांना बसायला खुर्च्या दाखवल्या. दार अर्धं उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं. सत्यशीला मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, तोंडाला मास्क, आवाज मऊ.

पहिला नंबर मंजूचा. मॅडमनी तिला खुर्चीचं बटण स्वतःच दाबू दिलं, छोटा आरसा हातात दिला आणि तिचे दात तिलाच मोजायला लावले. मग नव्या आलेल्या दाढांच्या खाचांत पांढरं काहीतरी भरून त्यावर निळा उजेड धरला.

"कीड हाय का तिला?" कस्तुराबाईने दारातूनच विचारलं.

"अजिबात नाही, आजी. लागू नये म्हणून आत्ताच खाचा बुजवल्या." मॅडमनी मंजूच्या गालाला बोट लावलं. "आता सहा महिन्यांनी. दसऱ्याला यायचं हं, बाळा."

म्हणजे मंजू ऱ्हाऊ दे. ते तर होतंच.

मग अजिनाथ. कंपनीत लोखंड वाकवणारा हा गडी खुर्चीचे दांडे असे धरून बसला की बोटं पांढरी पडली. त्याच्या एका दाढेला खड्डा निघाला. "दुखल्यावर यायचं असं ठरवलं होतं ना तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "बैल गेला आणि झोपा केला. प्रांजली रोज इथे येते आणि तुम्ही कधी नाही. पुढच्या आठवड्यात या, भरून टाकू. आणि पुढची तपासणी दसऱ्यालाच, लेकीबरोबर." अजिनाथने लहान पोरासारखी मान हलवली.

"आजी, या," मॅडम म्हणाल्या.

कस्तुराबाई उठली. चपला दाराशी काढल्या, पदर सारखा केला. खुर्चीत बसली तर खुर्ची आपोआप मागे कलायला लागली. "पाडता कामून?" तिने विचारलं. "पाडत नाही, निजवते," मॅडम म्हणाल्या. वरती एक मोठा पांढरा दिवा पेटला आणि कस्तुराबाईने डोळे मिटले. तिला वाटलं, आता अंगठा येईल ओठावर.

अंगठा नाही आला. आधी दोन्ही हात आले, जबड्याच्या खाली, कानापासून गळ्यापर्यंत हलकेच चाचपत. हे हात तिच्या ओळखीचे होते. मेंढीच्या गळ्याखाली सूज आली का हे बघताना ती स्वतः असेच हात फिरवायची. मग जीभ बाहेर काढायला सांगितली, जीभ उचलायला सांगितली, गालांच्या आतून बोट फिरलं. मग दात. खालचे बघून झाल्यावर मॅडम वरचे बघायला लागल्या, तेव्हा ती चमकली. वरच्यांना कोण विचारतं?

"मिश्री किती वर्षं लावताय, आजी?"

"कळाया लागल्यापून."

"गालात, जिभेखाली काही चट्टा नाही, गाठ नाही. नशीब बलवत्तर आहे. काही झालेलं नाही तोवर सोडायची, हीच वेळ आहे. मिश्रीने दात बळकट होत नाहीत, हिरड्या मात्र जळतात. वर हे थर साठलेत, ते आधी काढू. दुखणार नाही, पाणी उडेल तेवढं."

एक बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि तोंडात पाणी आलं. गार, गोड, न थांबणारं पाणी. गालाशी लावलेली नळी ते ओढून घेत होती, तरी येतच होतं. कस्तुराबाईने घोट घेतला. मधेच मॅडमनी पेला हातात देऊन चूळ भरायला सांगितलं, तर तिने तोही पिऊन टाकला.

"आजी, थुंकायचं असतं ते."

"चांगलं पानी हाय की," कस्तुराबाई म्हणाली. चांगलं पाणी अशा दिवसांत थुंकायचं, हे तिच्याच्याने होईना. मॅडम मास्कमागे हसल्या. दुसरी चूळ तिने नाइलाजाने थुंकली, तीही थोडी ठेवून.

शिट्टी पुन्हा सुरू झाली. पाणी वाहत राहिलं, वरचा दिवा पापण्यांतून तांबडा दिसायला लागला, आणि कस्तुराबाई हलकेच त्या पाण्याबरोबर गेली. गोदावरीला पाणी होतं. सगळा कळप काठाला वाकून पीत होता, आणि त्याचा एकच एक लांब आवाज येत होता. वाळू गार होती. कडूबा वाळूत बसलेला, आणि त्याच्यापुढे मेंढरं एकामागे एक उभी. तो ओठ दाबत होता आणि ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे म्हणत होता. बानूही होती रांगेत, तांबूस, ओल्या तोंडाची. आणि बानूच्या मागे कस्तुराबाई स्वतः. तिला त्याचं नवल वाटलं नाही. रांग पुढे सरकली. बानू कुठे गेली ते कळलं नाही. कडूबाने मान वर केली, किती वर्षांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि अंगठा पुढे केला.

"झालं, आजी," मॅडम म्हणाल्या.

खुर्ची वर आली. दिवा विझला. मॅडमनी हातमोजे काढले, हात धुतले, पुसले, आणि बोलल्याच नाहीत. खिडकीकडे बघत होत्या. खिडकीबाहेर आभाळ होतं.

कस्तुराबाई खुर्चीत पुढे सरकली. "मॅडम, सांगून टाका," ती म्हणाली. "मी रडनार नाय."

"अहो, रडायचं काय त्यात?" मॅडम वळल्या. "मी दसरा कधी पडतो ते आठवत होते. दात झिजलेत, ते वयाने झिजणारच. पण मुळं धरून आहेत. हा खालचा हलतो, त्याला मी हात लावत नाही. हिरडीची सूज उतरली की बहुतेक तोही जरा धरेल. मिश्री बंद. मऊ ब्रश देते, सकाळी आणि निजताना, हलक्या हाताने. फुटाणे नकोत."

फुटाण्यांचं कसं कळलं, हे काही तिला उमगलं नाही. "आन् मंग?" तिने विचारलं.

"मग काय, दसऱ्याला या."

"मी बी?"

"तुम्ही तर नक्की. नातीला आणि मुलाला एकदा विसरलं तरी चालेल, तुम्हाला नाही."

कस्तुराबाई खुर्चीतच बसून राहिली. दसरा म्हणजे हा उन्हाळा जायचा, पाऊस यायचा किंवा नाही यायचा, पण पावसाचे महिने सरायचे, आणि मग कुठे दसरा. बाजारात न्यायच्या मेंढीचं असलं कुणी बोलत नाही. एखाद्या मेंढीच्या पुढच्या वाटेचं कडूबा फक्त एकाच वेळी बोलायचा. तळावर संध्याकाळ झाली की तो मेंढरांचे खूर बघत बसायचा. लंगडणारीचे नव्हेत, चांगल्या चालणारीचे. काटा असला तर काढायचा, खूर वाढला असला तर सुरीने कापायचा, आणि पाय खाली ठेवून म्हणायचा, "घ्या बरोबर." दात बघायचे ते विकायची मेंढी निवडायला, आणि खूर बघायचे ते बरोबर चालायच्या मेंढीचे. जिला पुढे न्यायचं नाही, तिच्या खुराला कोण कशाला हात लावेल?

तिने जिभेने दात चाचपले. गुळगुळीत लागले, कोवळ्या पोरीसारखे. तिचा जीव इतका भांड्यात पडला की खुर्चीतून उतरताना तिने सत्यशीला मॅडमच्या हाताचा मुका घेतला, आणि मॅडमना काय करावं ते कळेना.

परतीच्या रिक्षात मंजू बोलत होती, प्रांजली तिला ब्रश कसा धरायचा ते दाखवत होती. अजिनाथ आईच्या शेजारी बसला होता. छावणीचा बाजार मोडत आला होता. रस्त्यावर गवताच्या काड्या आणि लेंड्या, रिकामे टेम्पो वळत होते.

"ती बाई दात कशी बघती सांगू का," कस्तुराबाई एकदम म्हणाली. "तुझा बा खूर बघायचा ना, तशी बघती."

अजिनाथने मान हलवली. मग त्याची मान थांबली. त्याने बाहेरच्या टेम्पोकडे बघितलं, मग आईकडे, तिच्या हातातल्या नव्या ब्रशाकडे, आणि आईने परवा वाजवून खाल्लेले फुटाणे त्याला आठवले असावेत. पेंगुळलेले डोळे एकाएकी पुरे जागे झाले.

"आई," तो हळू म्हणाला. "तुला काय वाटलं व्हतं गं?"

"काय नाय. बानू ध्यानात आली."

पडेगावच्या फाट्याशी रिक्षावाला वळायला लागला तर अजिनाथने त्याच्या खांद्याला हात लावला. "भाई, इधर नको. आगे लो, नई बिल्डिंग के पास."

"आत्ता? चावी आहे का जवळ?" प्रांजलीने विचारलं.

"हाय."

लिंबाखाली रिक्षा थांबली. लिंबाला नवी पालवी होती, कुठून पाणी मिळवलं असेल त्याने कुणास ठाऊक. कस्तुराबाईने जाता जाता खोडाला हात लावला. वर घरात चुन्याचा वास आणि रिकामा, घुमणारा आवाज. मंजू पळत आत गेली. कस्तुराबाई उंबऱ्यात थांबली आणि चपला काढायला भिंतीचा आधार घेऊन वाकणार, तोच अजिनाथ तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. त्याने तिची चप्पल काढली. पाऊल उचलून आपल्या गुडघ्यावर घेतलं. टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवला, एका भेगेत अडकलेला बारीक खडा नखाने काढला, मग दुसरं पाऊल घेतलं. कस्तुराबाईने तोल जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस बापासारखेच दाट होते.

अजिनाथने पाऊल खाली ठेवलं.

"घ्या बरोबर," तो म्हणाला.

"काय घ्यायचं बरोबर?" प्रांजली आतून म्हणाली. "पाडव्याला सगळं सामान एकदमच आणायचंय ना?"

कस्तुराबाई आत गेली, रिकाम्या खोलीत एकदा गोल फिरली आणि खिडकीखाली येऊन उभी राहिली. खिडकीतून लिंबाचा शेंडा दिसत होता आणि पलीकडे उन्हात हलणारा किल्ला.

"हितं माझी घोंगडी," ती म्हणाली, "आन् शेजारी मंजूची गादी. टेबल तिकडं सरकवा."

प्रांजलीने पर्समधून टेप काढला आणि खिडकीखालची जागा मोजायला लागली.